‘आम्ही भरायचं, त्यांनी खायचं’: एका मेसेजचा हिशेब

अर्थसंकल्प जवळ आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच. दोन-तीन टक्के लोक कर भरतात, त्यांच्या पैशावर ऐंशी कोटी लोक फुकट खातात, फुकट खाऊन ते आळशी झालेत आणि म्हणून आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत. पाठवणारे बहुतेक नोकरदार असतात. मीही त्यांच्यातलाच, त्यामुळे राग समजतो. हिशेब मात्र जुळत नाही.

‘कर फक्त आम्ही भरतो.’ आयकर म्हणत असाल तर भरणारे थोडे आहेत, हे खरं. पण केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपया कुठून येतो ते दाखवलं आहे: आयकरातून २२ पैसे, जीएसटी, उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क मिळून २७ पैसे. हे २७ पैसे बहुतेक दुकानातल्या आणि पेट्रोल पंपावरच्या किमतीतून वसूल होतात, तिथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर आणि अंगाच्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी तो भरला आणि त्या ज्यांच्याकडे कामाला जातात त्यांनीही, अगदी त्याच दराने. घरमालकिणीचा पगार थोडा तरी शिल्लक पडतो आणि शिल्लकीवर जीएसटी लागत नाही. बाईंचा महिनाअखेरीस उरतच नाही.

‘सगळा पैसा फुकट योजनांवर जातो.’ त्याच अर्थसंकल्पात रुपया कुठे जातो तेही आहे. अन्न, खत, इंधन अशी सगळी मोठी अनुदानं मिळून ६ पैसे. जुन्या कर्जाच्या व्याजाला २० पैसे. व्याजावर मात्र कोणी मेसेज करत नाही.

‘फुकट रेशनने लोक आळशी झाले.’ इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलोने मिळत होता, माणशी महिन्याला ५ किलो. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून, त्याच्या जोडीला आणखी ५ किलो फुकट सुरू झालं. जानेवारी २०२३ पासून कायद्यातलं ५ किलो फुकट झालं आणि जोडीचं ५ किलो बंद झालं. म्हणजे ज्या महिन्यात ‘सगळं फुकट’ असा गाजावाजा झाला, त्याच महिन्यात माणशी धान्य दहावरून पाच किलोवर आलं. फुकट झाल्याने वाचले ते महिन्याला माणशी दहा-पंधरा रुपये. सगळ्यात गरीब कुटुंबांच्या अंत्योदय कार्डाचा हिशेब वेगळा, तिथे कुटुंबामागे ३५ किलो मिळतं.

आता आळसाचं बघू. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम, चार-पाच पोळ्यांचं पीठ. डाळ, तेल, भाजी, गॅस, घरभाडं, पोरांची फी यातलं काहीही त्यात नाही. एवढ्यावर काम सोडून कोण बसेल? मजूर मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्याने एकदा आपण देऊ केलेली मजुरीही सांगावी.

‘करदात्याला काय मिळतं?’ याच अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्य झाला आणि त्यापायी सुमारे १ लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचं अर्थमंत्र्यांनीच सांगितलं. त्या वर्षीचं सगळं अन्न अनुदान साधारण २ लाख कोटींचं. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा बुडणाऱ्या महसुलाचा सरकारचा स्वतःचा अंदाज वर्षाला १.४५ लाख कोटींचा होता. या सवलती चूक होत्या असं मी म्हणत नाही. पहिली तर मलाही मिळाली आणि मी ती परत केलेली नाही. पण सोडलेला महसूल ‘प्रोत्साहन’ आणि दिलेला तांदूळ ‘खैरात’, ही भाषा कोणी ठरवली?

मेसेजमधला एक मुद्दा मला पटतो. निवडणूक तोंडावर आली की योजना सुचतात, आणि पैसा कुठून आणणार हे नंतर बघितलं जातं. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० रुपये सुरू झाले, विधानसभेची निवडणूक त्याच नोव्हेंबरात होती. पण या तक्रारीची दुसरी बाजू मेसेजमध्ये नसते: ज्यांच्या मतांचा गठ्ठा बांधता येत नाही त्यांचं काय होतं? दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. दीड दशकाहून जास्त काळ तो २०० रुपयेच आहे.