किमान शिल्लक

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या घरात दरवर्षी एक ठराव संमत होतो, तो म्हणजे संक्रांतीपर्यंत मी मोटारसायकलला हात लावायचा नाही. ठरावाच्या सूचक सौभाग्यवती असतात, अनुमोदक आमचे डॉक्टर असतात आणि विरोधकाला मतदानाचा अधिकार नसतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर भल्या पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाण्याचा नाद मी लावून घेतला आणि त्यापायी सलग दोन हिवाळे माझे नाक व कान डॉक्टरांच्या ताब्यात राहिले, एवढेच त्याचे कारण. ठराव मला मान्य आहे. तो गाडीच्या बॅटरीला मान्य नाही, हे मात्र पहिल्या वर्षी संक्रांतीच्या सकाळीच कळले.

त्या सकाळी तोंडात तिळगूळ आणि डोक्यावर कानटोपी अशा थाटात, शेजाऱ्यांच्या देखत, मी स्टार्टरचे बटण दाबले. आतून ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि मीटरवरचा उजेडही मालवला. गाडीला किक नाही. शेजारचे आबा कठड्यावरून म्हणाले, "बॅटरी बसली. ढकला की, उतार आहे." साताऱ्यात उताराला तोटा नाही; अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याच्या हातून लिंबू निसटले तरी ते शहर बघायला निघते. चौघांनी गाडी ढकलली, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडी गचके खात खात उताराच्या तळाशी पोचली आणि तेथे स्वस्थ उभी राहिली. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या अशा धक्क्याने चालू होत असत. माझ्यासारख्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाडीत पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पुरती मेलेली असेल तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही, ही माहिती मला तळाशी मिळाली. गाडी परत वर ढकलण्यासाठी त्या मंडळींपैकी एकच जण उरला होता, आणि तो मी होतो.

ठेवलेल्या रकमेला हात लावला नाही तर ती वाढते, या श्रद्धेवर मी आयुष्यभर पगार घेतला. शिशाच्या बॅटरीचा व्यवहार नेमका उलटा आहे. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे खाते उघडले तेव्हापासून त्यातली शिल्लक नुसती पडून राहिली तरी घटते, आणि शिवाय बंद गाडीतले घड्याळ व इंजिनाचा संगणक थेंबाथेंबाने त्यातून काढत राहतात. भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, ती १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरू लागतात आणि मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट उरले म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली, हा हिशेब मला बँकेच्या कोणत्याही परीक्षेत विचारला गेला नव्हता.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणाने रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवू लागलो. आबांनी या विधीला ‘काकड आरती’ असे नाव दिले. पण स्टार्टर एका दमात भरपूर वीज ओढतो, मंद चालणारे इंजिन त्यातली थोडीच परत भरते आणि त्यातलीही बरीच दिवसा जळणारा हेडलाइट खाऊन टाकतो; म्हणजे मी रोज हजार काढून शंभर भरत होतो आणि पासबुकाकडे अभिमानाने पाहत होतो. त्या वर्षी मार्गशीर्षातच खाते बुडाले.

तिसऱ्या वर्षी पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याला फोन लावला. "काका, बॅटरी काढून घरात ठेवा. सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी," असे त्याने बजावले. मी अर्थातच आधी प्लसला पाना लावला. गाडीचा सांगाडा मायनसला जोडलेला असतो आणि पान्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले की काय होते, हे मी त्या ठिणगीच्या उजेडात स्पष्ट पाहिले. त्यानंतर आबांनी मोठ्या मनाने आपल्या मोटारीचा चार्जर दिला, तेव्हा पुन्हा फोन करावा लागला. बॅटरी आठ अँपिअर-तासांची. तिला तिच्या एक दशांशाने, म्हणजे ०.८ अँपिअरने सावकाश भरायचे असते, आणि आबांचा चार्जर पाच अँपिअरने ओतत होता. बॅटरीला हात लावला तर ती तापलेली. अखेर पूर्ण भरल्यावर आपणहून साडेतेरा व्होल्टच्या आसपास थांबून राहणारा छोटा चार्जर विकत आणला.

थंडी बाधू नये म्हणून मी तिला गोधडीत गुंडाळले होते, तर पुतण्या हसून म्हणाला, "काका, थंडीत ती उलट सावकाश उतरते. गोधडी तुम्ही घ्या." थंडीत तिचा जोर कमी पडतो तो इंजिन फिरवताना, नुसत्या झोपेला गारवाच मानवतो. मात्र चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून खोलीची खिडकी उघडी ठेवणे आवश्यक ठरले. त्यामुळे पौषातल्या रात्री उघड्या खिडकीशी बसून, व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरचे आकडे वहीत उतरवून घेत, मी शिंकू लागलो. "गाडी बंद केली ती कशासाठी, अहो?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नाची नोंद मी वहीत केली नाही.

संक्रांतीला वहीत १२.७ होते. बॅटरी बसवली, मायनस शेवटी जोडला, बटण दाबले आणि इंजिन पहिल्या हाकेला धडधडले. आबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी तसाच यवतेश्वरला गेलो, हँडलवरच्या तांबड्या बटणाने इंजिन बंद केले आणि धुक्यातून वर येणारे शहर पाहत बराच वेळ बसलो. गाडीपाशी परत आलो तेव्हा किल्ली चालूच होती आणि हेडलाइट काजव्याएवढा उरला होता.

सगळा घाट मी इंजिनाविना, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर उतरलो. समर्थ मंदिराजवळ फिरायला निघालेल्या एका गृहस्थांनी कौतुकाने थांबवले.

"अगदी आवाज नाही हो. इलेक्ट्रिक घेतली वाटतं? एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

"यवतेश्वर ते समर्थ मंदिर," मी म्हणालो.