63 मिलिमीटर

जपानच्या रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोनच स्टेशनांवर थांबते. एक शिंकान्सेन, दुसरं 'त्यांची शिस्त'. शिस्तीचं कौतुक जरूर करा, पण टोकियो रोज धावतं ते 'चोकुत्सू उन्तेन'वर, म्हणजे एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळांवर थेट नेण्याच्या पद्धतीवर. आणि ती स्वभावातून आलेली नाही, आधी कागदावर ठरवून मग बांधलेली आहे.

उदाहरण घ्या. कानागावातल्या चुओ-रिंकानहून तोक्यू कंपनीच्या देन-एन-तोशी लाइनची दहा डब्यांची गाडी निघते. शिबुयाला तोक्यूचा मोटरमन आणि गार्ड उतरतात, टोकियो मेट्रोचे चढतात. प्रवासी जागचे हलत नाहीत. तीच गाडी हान्झोमोन मेट्रो म्हणून शहराच्या पोटातून ओशिआगेला पोचते. तिथे पुन्हा माणसं बदलतात, या वेळी तोबू कंपनीची, आणि गाडी साइतामाकडे जाते. तीन कंपन्या, शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर, गाडी एकच.

हे जमायला गेज (दोन रुळांमधलं अंतर), वीज, डब्याची लांबी, दारांच्या जागा आणि सिग्नल यंत्रणा जुळावी लागते. प्रत्येक गाडीत, ती जिथे जिथे जाणार त्या सगळ्या कंपन्यांची सुरक्षा उपकरणं आणि रेडिओ बसवावे लागतात. टोकियो मेट्रोची गिन्झा लाइन 1927 ची आणि मारुनोउची 1954 ची. दोन्हींना 600 व्होल्टची थर्ड रेल आहे, म्हणजे वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते. बाहेरच्या कंपन्यांकडे डोक्यावर 1500 व्होल्टची वायर, त्यामुळे या दोन लाइनी आजही एकट्याच धावतात.

सुरुवात झाली 1960 मध्ये, भुयारी आसाकुसा लाइन आणि केइसेई कंपनीपासून. केइसेईचं गेज तेव्हा 1372 मिमी होतं, टोकियोच्या जुन्या घोड्यांच्या ट्रामचा वारसा. भुयारात 1435 ठरलेलं. फरक 63 मिमी, फार तर चार बोटं. त्यासाठी केइसेईने 1959 मध्ये आपले सगळे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद केले. केइओ कंपनीने मात्र गेज बदललं नाही, म्हणून शिंजुकू मेट्रोच 1372 वर बांधावी लागली. कोणी कोणासमोर नमतं घ्यायचं, याचा निकाल भुयार खणण्याआधी लावावा लागतो.

टोकियो मेट्रोच्या हिबिया लाइनवर हे गणित पुढे महागात पडलं. तिचे डबे 18 मीटरचे, गाडी आठ डब्यांची, काही डब्यांना तीन दारं, काहींना पाच. तिच्याशी जोडलेल्या तोबूच्या इतर गाड्या 20 मीटर डब्यांच्या, म्हणजे फक्त या लाइनसाठी वेगळ्या गाड्या बाळगायच्या. फलाटावर सरकते दरवाजे बसवायचे ठरलं तेव्हा अडलं, कारण दारं दर गाडीला वेगळ्या जागी येत. अखेर 2017 पासून 20 मीटरचे, चार दारांचे, सात डबे आणून दारं एका ओळीत केली.

हिशेबाची पद्धत मला सगळ्यात आवडते. एकमेकांच्या गाड्या वापरल्याचं भाडं रोखीत देत बसण्यापेक्षा डबा-किलोमीटरची परतफेड होते. तुमच्या गाड्या माझ्या रुळांवर जितक्या धावल्या, तितक्याच माझ्या तुमच्याकडे धावतील असं वेळापत्रक लावायचं. अक्षरशः सवाष्णीची ओटी!

याची किंमतही आहे. योकोहामाच्या बाजूला गाडी अडकली की उशीर साइतामापर्यंत जातो. मार्च 2023 मध्ये तोक्यूच्या योकोहामाकडच्या लाइनींना सोतेत्सू कंपनी जोडली गेल्यावर त्या जाळ्यात सात कंपन्या आणि चौदा लाइनी आल्या, म्हणजे उशिराला फिरायला आणखी अंगण. म्हणून गडबड झाली की पहिला उपाय थेट सेवा तोडण्याचा: गाड्या हद्दीच्या स्टेशनावरून माघारी फिरवायच्या आणि ज्याने त्याने आपापलं घर सावरायचं.

तिकिटाचं दुखणं तर उरलेलंच आहे. गाडी एक असली तरी हद्द ओलांडली की दुसऱ्या कंपनीचं किमान भाडं वर चढतं. टोकियो मेट्रो आणि महानगर सरकारची तोएइ, दोन्ही भुयारी, तरी भाडं वेगळं, बदलताना फक्त 70 येन सूट. कुदानशिताला तर या दोघांच्या फलाटांमध्ये चक्क भिंत होती. ती 2013 मध्ये काढली.

मुंबईत मेट्रो 3 ला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे, बुलेट ट्रेनचं तंत्रही तिथलंच, पण ही पद्धत आली नाही. घाटकोपरला लोकलमधून उतरायचं, जिने चढायचे, पुन्हा रांग लावायची. गंमत म्हणजे लोकल आणि मेट्रो 1, दोघींच्या डोक्यावर 25,000 व्होल्टचीच वायर आहे. खाली लोकलचं गेज 1676 आणि मेट्रोचं 1435. फरक 241 मिमी.