लहान पतसंस्थेला एआयचे धोरण लागत नाही, या दाव्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील पतसंस्था व सौहार्द संस्थांच्या (कर्नाटकातील वेगळ्या कायद्याखालील सहकारी संस्थांच्या) संचालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. लहान संस्थेला एआयसाठी धोरणाची गरज नाही. चांगले सॉफ्टवेअर घ्यावे, कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. यंत्राला वशिला ठाऊक नसतो, आणि काही चुकलेच तर ते विकणारी कंपनी निस्तरेल, असा त्याचा आशय आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण संचालक त्याच्यावरच सर्वांत जास्त विसंबलेले दिसतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सभासदांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते तीच जबाबदार राहते. प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली आणि करारात काहीही लिहून घेतले, तरी त्यात फरक पडत नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणजे तयारीला फार वेळ उरलेला नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने, म्हणजे प्रश्नांना आपोआप उत्तरे देणाऱ्या प्रणालीने, एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉटच्या बोलण्याला तो स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई कंपनीलाच द्यावी लागली.

यंत्राला वशिला ठाऊक नसतो हे खरे, पण जुन्या नोंदींत जे दडले आहे ते यंत्र शिकते. अ‍ॅमेझॉनच्या नोकरभरतीच्या प्रायोगिक प्रणालीने आधीच्या, बहुतांश पुरुषांच्या, अर्जांवरून शिकून स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण दिल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. आपल्याकडे याहून साधी अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि आधारवर इंग्रजीत. चौगुले या एकाच आडनावाची स्पेलिंगे दोन-तीन. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे एकाच माणसाचा पत्ताही कागदागणिक वेगळा दिसतो. समोर बसलेला कारकून हा फरक क्षणात ओळखतो. नावे जुळवणारी प्रणाली मात्र त्याच सभासदाला दोन माणसे समजू शकते, किंवा दोन भावांना एक, आणि कर्ज नाकारले गेल्याचे कारण त्याला कोणीच सांगू शकत नाही. म्हणून खरेदीच्या आधी आपल्याच दोन-तीनशे जुन्या प्रकरणांवर ती प्रणाली चालवून पाहावी, आणि चुका कोणत्या भाषेतील कागदांवर जास्त होतात हे लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

‘धोरण मोठ्यांसाठी’ या म्हणण्यामागे जाड दस्तऐवजाची भीती आहे, आणि ती मी समजू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मधील अहवालात, आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या संचालक मंडळांनी एआय धोरण मंजूर करावे अशी शिफारस केली. सहकारी पतसंस्था त्या नियंत्रणाखाली येत नाहीत, तरी त्यामागचे तत्त्व त्यांनाही लागू पडते, आणि त्यासाठी दोन पाने पुरतात. एआय कोणत्या कामाला वापरायचे आणि कोणत्या नाही; सभासदाचा आधार क्रमांक किंवा खातेउतारा मोफत चॅटबॉटमध्ये कोणी टाकायचा नाही; कर्जाचा अंतिम निर्णय कोण घेणार; यंत्राने अर्ज नाकारला तर सभासदाने कोणत्या माणसाकडे जायचे आणि त्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे. एवढे ठरवून ठराव इतिवृत्तात नोंदवला आणि एका संचालकाच्या नावावर ती जबाबदारी टाकली, तर सुरुवात झाली.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बटणे कळतात. यंत्राचे उत्तर चुकीचे वाटले तर थांबण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे, हे मात्र व्यवस्थापकाने लेखी सांगावे लागते.

संदेशातली एक गोष्ट मान्य करायला हवी: कन्नड परिपत्रकांचा मराठी मसुदा करणे, थकबाकीच्या याद्या लावणे अशा कामांत या साधनांनी वेळ वाचतो, आणि तो वाचवावा. मात्र सभासदाची संमती घेतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला देणे वर सांगितलेल्या डेटा संरक्षण कायद्याने बंधनकारक केले आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. नवी प्रणाली दाखवायला येणाऱ्या विक्रेत्याकडे संचालकांनी पहिल्याच बैठकीत या दोन्ही भाषांतील सूचना मागावी.