गूळ-ताकावर मासे पोसायला निघालेल्यांसाठी

शेततळेवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज काल पारोळ्याच्या माझ्या शालकाने मलाच पाठवला. खाली एवढंच, "दाजी, हाई खरं शे का?" मेसेज असा: १० किलो गूळ आणि ५ लिटर आंबट ताक रात्रभर मुरवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्यात ओता. घरगुती प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंचं औषध, तयार. मासे दुपटीने वाढतात, खाद्य निम्मं लागतं, कुठलाच रोग येत नाही, पाणी बदलायला नको.

गुळाचं आधी बोलतो, कारण मासे त्यानेच मरतील. गूळ पडला की पाण्यात जिवाणू माजतात, आणि त्यांनाही ऑक्सिजन लागतो. तो माशांच्याच वाट्याचा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेही ओढायला लागतं, म्हणून पहाटे तळ्यात तो सगळ्यात कमी असतो. वरून आपला मे महिना. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो. अशात संध्याकाळी गूळ ओतायचा सल्ला कोणी दिला असेल, त्याने उजाडायच्या आत तळ्यावर जाऊन कटला मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करताना कधी पाहिलेला नाही. बायोफ्लॉकवाले, म्हणजे पाण्यात मुद्दाम जिवाणूंचे पुंजके वाढवून मासे पोसणारे, गूळ घालतात ना, असं कोणीतरी म्हणणारच. घालतात, पण पाण्यातला अमोनिया (विष्ठेतून येणारं, माशांना घातक द्रव्य) मोजून, आणि एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, रात्रंदिवस चालू ठेवून. आपल्याकडे रात्रीची लाईट कशी असते ते मी सांगायला नको. शिवाय त्याच तळ्यावर ठिबक असेल तर जिवाणूंचा बुळबुळीत थर ड्रिपर बुजवेल तो वेगळाच.

पाणी बदलायला नको म्हणे! प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशीच कुजतं, त्याचा अमोनिया ताकाने कुठे जाणार?

प्रोबायोटिक मात्र थोतांड नाही, एवढं मान्य करावं लागेल. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी २००६ साली रोहूवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू खाद्यातून दिला, मग एरोमोनास हा रोगजंतू टोचला. प्रोबायोटिक खाल्लेले मासे जास्त जगले. जिवाणू निवडलेला, मोजलेला आणि खाद्यातून दिलेला होता. मारलेल्या जिवाणूंपासून बनवलेल्या पूरक खाद्यांवरही काम चालू आहे, तिथेही जात आणि मात्रा ठरलेली असते. घरच्या आंबट ताकात कोणती जात, किती, हे ताक घुसळणाऱ्यालाही माहीत नसतं.

'कुठलाच रोग नाही' हे तर सोडूनच द्या. आर्गुलस म्हणजे माशाची ऊ, डोळ्यांना दिसणारा कवचधारी परजीवी. तो ताकाला भीक घालत नाही. आणि खाद्य निम्मं केलं की मासाही बारीकच राहतो.

प्रोबायोटिकचं पाकीट घ्यायचंच असेल तर मागे जिवाणूचं नाव, दर ग्रॅमला त्याची संख्या आणि मुदत छापलेली आहे का बघा. दुकानदार "सगळं आहे त्यात" म्हणाला तर पाकीट काउंटरवरच ठेवून या.