आयतदार

शुक्रवारी दुपारी शालिमारच्या मागच्या गल्लीत, एका फ्लेक्सच्या दुकानात, माझा काना गेला. कान नव्हे, काना. आठ फूट बाय दोन फुटांची पाटी, मरून रंगावर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात द्राक्षाचा घड, आणि मधोमध झोकात लिहिलेलं: 'निवडक इटालियन वाईनचे आयतदार'.

"आयातदार पाहिजे," मी म्हणालो.

"तेच आहे ना सर."

"य-ला काना नाहीये."

पोराने पाटीकडे न बघता फोन काढला, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. त्याने पाठवलेलं प्रूफ आणि त्याखाली माझा अंगठा. मंगळवार, सकाळी 11:32.

अंगठा माझाच होता. त्या वेळी दुसऱ्या कानाशी न्हावाशेवा बंदरातून माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट होता. मद्यपान आरोग्याला हानिकारक असल्याचा बाटलीवरचा इशारा तीन मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांत चालत नाही, तुमचा कमी भरतोय, पट्टी लावून मोजा, असं तो सांगत होता. मी पट्टी लावून मोजत होतो. म्हणजे ज्या क्षणी मी मिलिमीटर मोजत होतो, त्याच क्षणी माझ्या अंगठ्याखालून हातभर लांबीचा काना निसटला.

"नवीन करायची तर साडेचार हजार होतील," पोरगा म्हणाला.

खरं तर मराठी पाटीसाठी मीच उशीर केला होता. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली तरी पाटी मराठीत हवी, हा नियम 2022 पासूनचा. मी एकटाच असल्यामुळे मला वाटलं, मी कोणाच्या डोळ्यांत येणार? त्याच सुमारास असंही ठरलं की मद्याच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत. माझं दुकान नव्हे, ऑफिस आहे, पण उगाच कशाला? म्हणून वडिलांचं नाव द्यायचा बेत सोडला, कारण त्यांचं नाव आजीने थेट महाराजांवरून ठेवलेलं.

"पण पोरगं चुकलं कुठं?" मागून आवाज आला.

मागे प्लास्टिकच्या स्टुलावर एक नाना बसले होते. पांढरी टोपी, पायात धुळीच्या चपला, मांडीवर सातबाऱ्याच्या झेरॉक्सची पिशवी. पुतण्याच्या 'भावी सरपंच' फ्लेक्ससाठी थांबलेले. निफाड तालुका, साडेचार एकर द्राक्षबाग, सगळा थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं द्राक्ष. ही माहिती मी विचारली नव्हती.

"बाहेरून आणता ना?" नाना म्हणाले. "तिकडच्यांनी पिकवायचं, तिकडच्यांनी मुरवायचं, तुम्ही इथं आयतं विकायचं. मंग आयतदारच झालं की. आयत्या बिळावर नागोबा."

पोरगा हसला. त्याचं हसणं मी अजून विसरलेलो नाही.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी नाशिकचा आहे आणि नाशकात इटालियन वाईन विकतो. कोल्हापुरात जाऊन परदेशी गूळ विकावा तसा हा उद्योग. त्यामुळे स्वतःचं समर्थन करायची मला सवयच लागली आहे. मी म्हणालो, "नाना, ती जात इथे होत नाही. बार्बेरा म्हणतात. इटलीच्या उत्तरेला, पिएमाँतमध्ये होते."

"काळी का पांढरी?"

"काळी. बारीक मणी."

"बारीक म्हणजे किती एमएम?"

"असेल बारा-तेरा."

"रिजेक्ट," नाना म्हणाले. "सोळाच्या खाली एक्स्पोर्टवाला हात लावत नाही. बी आहे का?"

"आहे."

नानांनी पोराकडे पाहिलं. "बी आहे म्हणतो! बेदाण्यालासुद्धा कोणी घेणार नाही." मग माझ्याकडे वळून, जरा दयेने, "जीएच्या औषधात बुडवत नाहीत का? फुगेल थोडं."

"वाईनला फुगलेला मणी नको असतो नाना. रंग आणि चव सालीत असते. मणी लहान तेवढी साल जास्त."

"छाटण्या किती?"

"एकच. थंडीत."

"आन् एप्रिलची खरड छाटणी?"

"खरड नाही. एप्रिलमध्ये तिकडे नुकती फूट येत असते."

"वर्षाला एक छाटणी," नाना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मंग बाकीचं वर्ष काय करतात ते लोक?"

ज्यांची वाईन मी आणतो, त्यांच्या घरात जेवायला बसलो की हा प्रश्न मलाही पडतो. तिथलं जेवण साडेतीन तास चालतं. म्हाताऱ्यांच्या मागे भिंतीवर बाप, आजोबा, पणजोबा असे एकाखाली एक फोटो टांगलेले. त्यांची पाचवी पिढी वाईन करते. त्यांची मुलगी महिन्यातून एकदा मला लिहिते की वेबसाइटवर टाकायला तुमच्याही घराण्याची गोष्ट आणि द्राक्षबागेतला सगळ्या कुटुंबाचा फोटो पाठवा. मी दर वेळी लिहितो, पाठवतो.

"खुंट कोणता त्यांचा?" नाना अजून तिथेच होते. "आमचा डॉगरिज."

"अमेरिकनच आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुळं खाणारी एक कीड अमेरिकेतून गेली आणि युरोपातल्या बागा झोपल्या. मग अमेरिकन खुंटावर कलम करूनच त्या पुन्हा उभ्या राहिल्या."

नानांना हे फारच आवडलं. "पाच पिढ्या इटलीच्या, आन् मुळं अमेरिकेची!" त्यांनी मांडीवर थाप मारली. सातबारे खाली पडले, ते मी उचलले.

"बरं, एका बाटलीला माल किती लागतो?"

"साधारण किलोभर. सव्वा धरा."

"आन् बाटली जाते कितीला?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. "अडीच हजार," मी म्हणालो.

दुकानात शांतता पसरली. प्रिंटरसुद्धा थांबला, पण तो शाई संपल्यामुळे.

"अडीच हजार रुपये किलो," नाना म्हणाले. आणि मग पोराला, "ऐकलं का? किलो!"

"नाना, त्यात माझं काही नसतं हो. बंदरावरच 150 टक्के जातात, शंभराच्या बाटलीवर दीडशे. मग राज्याचं वेगळं, लेबलाच्या नोंदणीचं वेगळं. वरून तपासणीला बाटल्या काढून घेतात, त्या परत येत नाहीत. त्या दीडशेतले शंभर तर 2021 च्या बजेटपासून तुमच्याच नावाने घेतात. कृषी पायाभूत सुविधा उपकर."

"कृषी?"

"हो."

"मंग आमच्या वस्तीचा रस्ता कुठंय?"

याला मी काय उत्तर देणार? मी गंमत म्हणून सांगितलं होतं, नानांनी गंमत म्हणून घेतलं नाही. मागच्या हंगामात पंचवीस रुपयांनी माल उचलून नेलेला व्यापारी अर्धे पैसे न देताच पळाला, असं त्यांनी सांगितलं. गावातून अकरा जणांचे बुडाले. पोलिसांत गेलं तर साहेब विचारतात, पावती आहे का? बागेत उभं राहून कोणी पावती फाडतं का? हे सगळं ते न चिडता, सातबारे नीट लावत सांगत होते, आणि मला उगाचच वाटत राहिलं की तो व्यापारी मीच.

मग ते खुर्ची जवळ ओढावी तसं स्टूल सरकवून आले आणि हळूच म्हणाले, "दादा, एक काम कर. बाटली राहू दे. येताना काडी घेऊन ये."

"काडी?"

"कलमाची. पेनाएवढ्या दहा-वीस काड्या. बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणायच्या, कोण बघतं? डॉगरिजवर भरून टाकतो. अडीच हजार नको मला, अडीचशे दिले तरी चालतील."

कस्टम, क्वारंटाइन वगैरे मी काही बोललो नाही. कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय, फक्त आकडा वेगळा होता. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि दिंडोरीच्या आमच्या तीन एकरांत वडिलांनी थॉमसन काढून शिराझ आणि काबरने ही वाईनची द्राक्षं लावली. काकांनी शेडमध्ये स्टीलच्या चार टाक्या बसवल्या. आमच्या घरात तेव्हा कोणीही वाईन प्यायलेलं नव्हतं. पहिली धार चमच्याने चाखून आई म्हणाली होती, आंबलंय. बरोबरच होतं तिचं. मग 2008 नंतरची मंदी आली, गावोगावच्या वायनऱ्यांत माल पडून राहिला, द्राक्ष कोणी घेईना. वाईनचं द्राक्ष बाजारातही विकता येत नाही, नाना म्हणाले तसं, बारीक मणी आणि वर बी. वडिलांनी जेसीबी लावला. टाक्यांपैकी तीन भंगारात गेल्या, चौथीत आता फवारणीचं पाणी भरतात. घराण्याची गोष्ट ती एवढीच, आणि फोटो पाठवायचाच तर त्या टाकीचा पाठवावा लागेल.

"बघतो," मी नानांना म्हणालो.

"बघतो म्हणजे नाहीच," नाना म्हणाले. आणि पोराला, "त्याचा काना फुकट लावून दे रे. गरीब दिसतोय."

फुकट नाही, पण साठ रुपयांत तोड निघाली. सोनेरी विनाइल संपलं होतं, म्हणून पोराने रेडियमची एक पट्टी कापली आणि य-च्या पुढे फटीत बसवली. थोडी तिरकी बसली. तो म्हणाला, सर, उलट उठून दिसेल. मी तो काना अंगठ्याने दाबून चिकटवला.

संध्याकाळी पाटी गंगापूर रोडला ऑफिसवर चढवली. आठच्या सुमाराला लाईट गेले. बाकीची पाटी अंधारात गुडुप झाली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या उजेडात एकटा काना लखलखायला लागला. शेजारचा मेडिकलवाला बाहेर येऊन बराच वेळ बघत उभा राहिला.

"काय हो," शेवटी त्याने विचारलं, "उघडलं कधी? आणि हे एक नंबर म्हणजे नक्की कशाचं?"