आकडे मोजा, माणसांना विचारू नका

अभिनंदन! वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर तुम्ही बिनविरोध आलात. दुसरं कुणी तयार नव्हतं, ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे. आणि पहिल्याच बैठकीत तुम्ही म्हणालात म्हणे, "आता सगळा कारभार डेटावर चालवायचा." छान. बेळगाव-खानापूर पट्ट्यात असं म्हटल्याशिवाय मंडळात कुणाला चहा मिळत नाही. पण जरा जपून. आकडे गोळा करण्यात एकच धोका असतो, त्यांच्यामुळं एखादे दिवशी खरंच काहीतरी बदलावं लागतं. तो कसा टाळायचा, हे मी आमच्या वाचनालयाच्या मंडळावर बावीस वर्षं बसून शिकलोय.

पहिलं पथ्य म्हणजे काउंटरवरच्या बाईंना काहीही विचारायचं नाही. त्या रोज सहा तास देवघेव करतात, त्यामुळं त्यांना नको तेवढं माहीत असतं. कुठलं पुस्तक तिसऱ्या पानावरून परत येतं, कोण नवऱ्याच्या कार्डावर स्वतःसाठी पुस्तकं नेते, कुठल्या लेखकाचं नाव काढलं की लोक मान वळवतात, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. असल्या माहितीचा तक्ता होत नाही, म्हणून ती माहितीच नव्हे असं धरून चालायचं. बाईंना फक्त रकाने द्या. आमच्याकडं सतरा रकान्यांचा तक्ता होता. तो कशासाठी, हे बाईंनी एकदा विचारलं होतं. "वर पाठवायचा आहे," असं आम्ही सांगितलं. वर म्हणजे माळ्यावर, हे त्यांना दिवाळीच्या साफसफाईत कळलं.

दारातली हजेरीवही मात्र नीट चालवा. दोऱ्यानं बांधलेलं पेन हवं, आणि ते उमटता कामा नये. सकाळी पेपर वाचायला येणारे पहिले काका पूर्ण नाव लिहितात आणि त्यांच्या खाली सगळ्यांच्या '' '' अशा खुणा पडतात. आता आपला जुलै तुम्हाला ठाऊकच आहे. आठ-आठ दिवस झड लागते, छत्रीसुद्धा घराबाहेर पडायला तयार नसते. वहीत बारा माणसं दिसली तर मंडळाला वाईट वाटेल, म्हणून बाराच्या आधी एक मांडायचा. आमच्या वहीत भर पावसात एकशे बारा वाचक येऊन गेलेत. त्यांच्या ओल्या चपला कुठं राहिल्या, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

संगणक आणाच. माहिती भरायला मात्र दर तीन महिन्यांनी नवा पोरगा ठेवायचा. एकानं सभासदाच्या पत्त्यात 'बेळगाव' लिहावं, दुसऱ्यानं अनुस्वार देऊन 'बेळगांव', तिसऱ्यानं २०१४ च्या नामांतराला मान देऊन 'बेळगावी', चौथ्यानं 'बेलगाम', आणि पाचव्याला घाई असते, त्यानं नुसतं 'बी.जी.एम.' आमच्या संगणकानं वर्षाअखेर बेरीज काढली तेव्हा वाचनालयाला पाच शहरांत सभासद निघाले. अध्यक्षांनी सर्वसाधारण सभेत ते वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. बाईंनी हळूच सांगितलं की हे सगळे लोक गणपत गल्लीच्या आसपासचेच आहेत. त्यांना कुंदा देऊन गप्प बसवलं.

आता सर्वेक्षण. इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपला भाग वेगळा आहे.

मोजणी म्हणजे काय हे सीमाभागातल्या माणसाला शिकवायला नको. १९५१ च्या जनगणनेत कुठल्या गावात मराठी किती, हे तोंडपाठ सांगणारी माणसं आपल्याकडं अजून भेटतात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपण इकडं, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो, १९६७ साली सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा आहे, आणि त्यात मागितलेल्या गावांचा ८६५ हा आकडा लहान पोरालाही ऐकून माहीत आहे. इतक्यांदा मोजून झालेल्या माणसाच्या हातात तुमची प्रश्नावली द्या, आणि तिसराच प्रश्न ठेवा 'मातृभाषा'. बघा मग. आमच्याकडं एक निवृत्त मास्तर चाळीस वर्षं सलग येत होते. त्यांनी चष्मा काढला, कागद उलटा करून बघितला आणि विचारलं, "हे कोण विचारतंय? हिकडचं सरकार, का तिकडचं?" कुणीच नाही, आम्हालाच सेवा सुधारायची आहे, असं सांगितल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. त्यांनी प्रश्नावली घडी घालून खिशात टाकली आणि पंधरा दिवस फिरकले नाहीत. मराठी, कन्नड दोन्ही पेपर वाचणाऱ्या एका दुकानदारानं दोन्ही चौकोनांत खूण केली, तर त्याचा कागद आम्ही 'अवैध' म्हणून बाजूला काढला.

बाई म्हणत होत्या, मातृभाषा कशाला विचारताय, कुठल्या भाषेतलं पुस्तक हवंय ते विचारा की. पण त्यांना संशोधनपद्धतीचं शिक्षण नाही.

बाकीचे प्रश्न सोपे ठेवावेत. 'आपण आमच्या सेवेबद्दल अत्यंत समाधानी, खूप समाधानी की समाधानी आहात?' आमचा निकाल शंभर टक्के आला.

अहवालाला वजन येण्यासाठी परदेशी दाखला लागतो. पिट्सबर्ग विद्यापीठातला एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या ग्रंथालयानं १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. हे मोठ्यानं वाचा आणि लगेच खाली बसा. थांबलात तर कुणीतरी विचारेल, "मग आपली किती?" आयएसओ २७८९ असंही कुठंतरी घाला. ग्रंथालयाचे आकडे कसे मोजावेत याचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि आपल्या सभेत ते कुणी वाचलेलं नसतं.

कायद्याचंही थोडं बोला. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात, चंदगडात गेलं की वाचनालयांना अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग लागतात. शिनोळीच्या अलीकडं आपण मराठी वाचनालयवाले घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर भरतो आणि वर्गाबाहेर उभे राहतो. याची चर्चा सुरू केली की दीड तास निवांत जातो, आणि विषयपत्रिकेवरचा 'वाचनालयाची वेळ' हा विषय पुढच्या बैठकीला जातो.

वेळेचा विषय तसाही पुढंच ढकलावा. आमचं वाचनालय दुपारी बंद, संध्याकाळी साडेपाचला उघडतं. खेड्यांतून कॉलेजला येणाऱ्या पोरी चार वाजता मोकळ्या होतात आणि साडेपाचच्या आत त्यांना बस धरावी लागते. आमचे शिपाईमामा पायरीवर बसून रोज हे बघायचे. एकदा ते चहा द्यायला म्हणून बैठकीत आले आणि बोलून गेले, "सर, त्या पोरी रोज येऊन कुलूप बघून परत जाऊल्यात की ओ. चारला उघडून सातला बंद करूया. मी येतो." पैसा लागणार नव्हता, ठराव लागणार नव्हता, संगणकही लागणार नव्हता. म्हणूनच आम्ही सावध झालो. 'किती पोरी, याची आकडेवारी सादर करावी,' असं इतिवृत्तात लिहिलं. मामांनी पुढच्या बैठकीला आकडा आणला. मग तो विहित नमुन्यात नाही म्हणून परत केला.

झाडलोट करणाऱ्या मावशींवरही लक्ष ठेवा. रात्री टेबलांवर पडलेली पुस्तकं त्याच उचलून कपाटात लावतात. इथंच बसून वाचलेलं पुस्तक देवघेवीच्या वहीत चढत नाही, त्याची खूण तेवढी टेबलावरच राहते. आवरण्याआधी आठवडाभर नुसत्या काड्या मारल्या तरी कळेल की स्पर्धा परीक्षेचं कपाट रोज रिकामं होतंय आणि काचेच्या कपाटातल्या देणगीच्या ग्रंथांना कुणी हात लावत नाही. पण देणगीदार मंडळावर असतात. मावशींना काड्या मारायला सांगू नका.

काउंटरच्या वर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम फ्रेम करून लावायला विसरू नका. आमची फ्रेम घड्याळाच्या खिळ्यावर लटकते, त्यामुळं घड्याळ काढावं लागलं. त्यातला चौथा नियम 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी हार घालताना तो मोठ्यानं म्हणावा. बाईंना त्या दिवशी गुलाबाचं फूल द्यावं आणि ऑगस्टचा तक्ता अजून का आला नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

शेवटचं सांगतो, कारण ही चूक आमच्याकडून झाली. काउंटरमागच्या भिंतीवर बँकेनं फुकट दिलेलं कॅलेंडर होतं, मागची बाजू कोरी. कुणी पुस्तक मागितलं आणि ते आपल्याकडं नसलं की मामा महिन्याचं पान उलटून मागं पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, रकाने नव्हते. पुस्तकाचं नाव, आणि पुढं किती जणांनी मागितलं तेवढ्या काड्या. डिसेंबरात खरेदीची यादी करायला बसलो तेव्हा बाईंनी ते कॅलेंडर खाली उतरवून आमच्यापुढं पसरलं. बारा पानं, सगळी मागून भरलेली. काही नावांपुढं काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. खरेदी समितीत तिघे होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं घड्याळाच्या जागी बघितलं, दुसऱ्यानं चहा आला का विचारलं, आणि आम्ही गेल्या वर्षीचीच यादी प्रकाशकाला पाठवून दिली.

तुमचं नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून यायचं असेल. बँकेचं घेऊ नका. थोडे पैसे गेले तरी चालतील, पण मागं पाककृती छापलेलं घ्या.