रोहित्रावरील चोरीच्या खोट्या इशाऱ्याबाबत आमचे उत्तर

महोदय,

आमच्या स्मार्ट मीटर विश्लेषण प्रणालीला मूल्यांकनात एकच तारा देताना आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. चोरीच्या इशाऱ्यावरून आपले पथक दिवसभर एका रोहित्राभोवती (ट्रान्सफॉर्मरभोवती) फिरले आणि हाती काहीच लागले नाही. वीज गेल्यावर निम्म्याहून अधिक मीटरांनी तसे कळवलेच नाही. आणि मीटरांची माहिती येईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

पहिली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. रोहित्रावरील मीटरच्या युनिटांतून त्यावरच्या ग्राहकांच्या युनिटांची बेरीज वजा केली की वीजहानी मिळते. पण कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर आहे ही नोंदच चुकली असेल, तर वजाबाकी कितीही अचूक केली तरी उत्तर खोटेच येणार. शेजारच्या रोहित्रावरचा भार कमी करण्यासाठी 11 जोडण्या इकडे आणल्या गेल्या होत्या, मात्र कागदोपत्री त्या जुन्याच जागी राहिल्या. त्यामुळे इकडे हानी फुगून चोरीचा इशारा निघाला आणि तिकडे ती शून्याखाली गेली, म्हणजे पुरवठ्यापेक्षा वापर जास्त! छतावर सौरसंच नसताना असे होऊ शकत नाही, आणि चूक ओळखण्याची खूण नेमकी हीच होती. आमच्या पडद्यावर मात्र ऋण आकडा शून्य म्हणून दाखवला जात होता, कारण आलेख नीटनेटका दिसावा असे आमच्यापैकी कोणीतरी (खरे सांगायचे तर मीच) ठरवले होते.

आता ऋण हानी सर्वांत वर, लाल रंगात दिसते आणि तिचा उलगडा होईपर्यंत लगतच्या रोहित्रांवर चोरीचा इशारा निघत नाही. नोंदींची पडताळणीही आम्ही व्होल्टेजवरून करतो, कारण एकाच रोहित्राच्या एकाच फेजवरील मीटरांचे व्होल्टेज बरोबरीने चढते-उतरते. अर्थात उच्चदाब वाहिनीतले चढउतार सगळीकडे सारखेच उमटत असल्याने ते आधी वजा करावे लागतात. आपल्या पथकाच्या त्या दिवसाचा खर्च पुढील देयकातून वळता करू.

दुसऱ्या तक्रारीत आमचा दोष कमी आहे. वीज जाताच मीटर कपॅसिटरमधल्या शिल्लक ऊर्जेवर शेवटचा संदेश पाठवतो; रेडिओ जाळ्यात तो पुढे नेणारे शेजारचे मीटरही त्याच क्षणी बंद पडत असतात आणि सगळे एकदम बोलू लागल्याने संदेश एकमेकांवर आदळतात. एका रोहित्राचे चार-पाच संदेश आले तरी पथक हलवायला हरकत नाही, हे प्रशिक्षणात सांगायचे राहून गेले.

तिसऱ्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या माहितीच्या तक्रारीनंतर ‘थेट देखरेख’ हे शब्द माहितीपत्रकातून काढले आहेत. वाहिनी ट्रिप झाल्याचे (बिघाडामुळे आपोआप बंद पडल्याचे) तत्काळ कळवणे हे रिले (बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणारे उपकरण) आणि स्काडाचे (उपकेंद्रांवर दुरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचे) काम आहे.

मात्र ‘ही माहिती बिलापुरतीच कामाची’ हे आपले म्हणणे मान्य नाही. आपल्याच नोंदींत एका रोहित्राच्या एका फेजचे व्होल्टेज 190 पर्यंत उतरते, तेव्हाच दुसऱ्या फेजचे 260 च्या पुढे जाते. हे न्यूट्रल (सर्व फेजसाठी सामाईक असलेली परतीची तार) सैल झाल्याचे लक्षण आहे. त्या रोहित्राचा क्रमांक आपल्या कार्यालयाला कळवला आहे. ग्राहकांची उपकरणे जळण्यापूर्वी कृपया पथक तिथे पाठवावे.